रेग्युलेटरला लावलेलं कुंकू

पाइपच्या गॅसचं काम शिकायला गेले होते, तेव्हा परीक्षेच्या तोंडावर मी वर्गातल्या रेग्युलेटरांची नाकं हळद-कुंकवानं बुजवली. एखाद्याचं नव्हे, हात पोचला तितक्या सगळ्यांची. आणि वर जरा मागं सरून, कमरेवर हात ठेवून, "काय झॅक दिसालेत," असंही म्हणाले.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे पंचावन्न. आता साठी मागं पडल्यावर त्या बाईकडं बघते तेव्हा मला ती तेलात नुकतीच टाकलेली पुरी वाटते. टम्म. गॅसमधलं आपल्याला कळत नाही असं या जिल्ह्यात काही उरलेलं नाही, अशी तिची समजूत.

समजूत अगदीच बिनबुडाची नव्हती म्हणा. सीमाभागातल्या आमच्या गावात, खासबागेत, आमचं गॅसच्या शेगड्या दुरुस्तीचं दुकान. एक शटर, एक बाक, भिंतीला खिळ्यांवर लटकवलेले बर्नर. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सुरू केलेलं. ते होते तोवर मी आतल्या बाजूला बसून बर्नर घासत असे. ते गेले आणि मी पुढच्या बाकावर आले. नोझलात कचरा अडकला की अंबाड्यातली पिन काढायची, भोकात फिरवायची, एक फुंकर, आणि पिन परत अंबाड्यात. गिऱ्हाईक बघतच राहायचं. गळती शोधायला तर मला काहीच लागायचं नाही. नाक पुढं करून शेगडीभोवती एक फेरी मारली की बोट ठेवायचे, "हितं." नंदगडहून बाया बसमध्ये मांडीवर शेगडी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "आक्काचं नाक म्हंजे नाक."

मग खासबागेतले रस्ते उकरायला लागले. पिवळ्या पाइपांची भेंडोळी गल्लीच्या तोंडाशी येऊन पडली. आधी मी त्या पाइपांना हसले. जमिनीखालून गॅस येणार म्हणे, नळाचं पाणी येत नाही वेळेवर! पण गॅस आला. घरोघर भिंतीला मीटर बसले, आणि माझ्या दुकानासमोरून जाणारी जुनी गिऱ्हाइकं मान खाली घालून जायला लागली. एकीला मी हाक मारून थांबवलंच.

"काय गं, शेगडी बरी चालालीय का?"

"चालालीय की आक्का," ती म्हणाली, "पर आता कायबी झालं की कंपनीचा माणूस येतोय. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका म्हणून सांगून गेलाय."

दुसऱ्या कुणाला म्हणजे मला.

पाइप टाकणारा मुकादम माझ्या दुकानात पाणी प्यायला यायचा. त्याला म्हणाले, मलाही द्या की काम. त्यानं विचारलं, "कार्ड हाय का?" कसलं कार्ड? तर पाइपच्या गॅसला हात लावायचा तर कोर्स करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, मग कार्ड मिळतं. उद्यमबागेत एका शेडमध्ये असे झटपट कोर्स चालतात, काही आठवड्यांत माणूस तयार करून देतात. हाताला आधीपासून काम ठाऊक असेल त्यालाच घेतात. मी म्हटलं, मग मला घ्यायला त्यांनी रिक्षा पाठवायला पाहिजे.

घरी सासूबाईंना, आत्तींना, सांगितलं. मुलगा-सून पुण्याला, घरात आम्ही दोघीच. आत्तींचं वय ऐंशीच्या पुढं, दात नाहीत, पण बोलणं अजून चावायचं. आणि मुख्य म्हणजे दुकानाची जागा त्यांच्या नावावर. एक मोबाइलवाला ती जागा भाड्यानं मागत रोज संध्याकाळी त्यांच्यापुढं येऊन बसायचा. त्यांनाही ते पटायला लागलं होतं.

"ह्या वयात पाटी-दप्तर?" त्या म्हणाल्या.

"पाना-पक्कड, आत्ती."

"एकच की." मग जरा वेळानं, "हे बघ. कार्ड आणलंस तर शटर तुझं. न्हाय आणलंस तर दिवाळीच्या पाडव्याला किल्ली मोबाइलवाल्याच्या हातात. मी जबान दिलीया त्याला."

"मला न विचारता?"

"तुला इचारून कवा काय केलंय मी?"

हे खरं होतं. मालक गेल्यापासून दर खंडेनवमीला दुकानातल्या हत्यारांची पूजा आत्ती शेजारणीला बोलावून करून घ्यायच्या. वर्षभर पाना माझ्या हातात, आणि त्या एका दिवशी शेजारणीच्या. मी बाजूला ताट धरून उभी. काळी टिकली लावलेली आत्तींना चालायची, पण हळद-कुंकवाच्या करंड्याला माझा हात लागलेला चालायचा नाही. शेजारीण पान्याऐवजी खुर्चीलाच दोनदा कुंकू लावायची, तेव्हा मात्र माझी बोटं शिवशिवायची. तुला पाना कुठला ते तरी ठाऊक आहे का बाई?

असो. खासबागेतून सिटी बस धरून मी उद्यमबागेला जायला लागले. डब्यात भाकरी, पिशवीत पाना, अंबाड्यात पिन.

वर्गात मी एकटीच बाई. बाकी सगळे गडी, कुणी प्लंबर, कुणी वेल्डर. माझ्या बाकावर एक निपाणीचा आला होता. आधी तंबाखूच्या वखारीत कामाला होता. शिंका काढून काढून कंटाळला म्हणून शिकायला आलेला. शिकवणारे सर धारवाडकडचे, वयानं माझ्या मुलाएवढे. त्यांचं मराठी कन्नडच्या चालीवर डुलत यायचं. वर्गातल्या सूचना कन्नडमध्ये, सामानाची नावं इंग्रजीत, आणि चुकलं की हळहळ मराठीत, असा कारभार.

सर प्रश्न विचारायचे आणि तो पुरा व्हायच्या आत मी उत्तर द्यायचे. निम्मी चुकायची. पण आवाज खणखणीत.

"आक्का," निपाणीकर कानात म्हणाला, "मास्तर हे हायत का तुमी?"

"तू गप. लिहून घे."

पहिल्याच दिवशी सरांनी सरावाच्या एका बोर्डावर, म्हणजे पाइप, रेग्युलेटर आणि बर्नर जोडलेल्या फळीवर, मुद्दाम गळती ठेवून ती शोधायला सांगितली. सगळे साबणाचं पाणी कालवायला लागले. मी नाक पुढं करून बोर्डभोवती फिरले आणि बोट ठेवलं. बरोबर निघालं. मी वर्गाकडं असं बघितलं, जणू आता सगळे उठून पाया पडणार.

सर म्हणाले, "आक्का, तुमचं नाक लई हुशार हाय. पण सर्दी झाली की ते रजेवर जातंय. साबणाचं पाणी रजेवर जात न्हाय. आणि तुम्ही एक गळती शोधलासा. दोन होत्या."

दुसरी साबणानं बुडबुडे काढून दाखवली.

पण शिकत होते, हेही सांगते. ताकदीनं आवळलं म्हणजे घट्ट झालं असं नसतं, हे माझ्या मनगटाला पहिल्यांदा कळलं. काचेच्या वाकड्या नळीत पाणी भरून ती पाइपला जोडायची; दोन्ही बाजूंचं पाणी आपल्या जागेवर थांबलं तर गळती नाही, एका बाजूनं उतरायला लागलं तर कुठंतरी आहे. ते पाणी बघत उभं राहणं मला फार आवडायचं. तोंड न उघडता खरं सांगणारी वस्तू घरात कुठं असते?

फक्त रेग्युलेटरचा धडा मी ऐकला नाही. सिलिंडरचे रेग्युलेटर आयुष्यभर लावले-काढले, त्यात काय ऐकायचं? सर बोर्डावरचा गोल रेग्युलेटर हातात घेऊन सांगत होते, की आत एक पातळ पडदा असतो, शेगडीला गॅस कमी-जास्त लागेल तसा तो वर-खाली होतो, आणि ह्या बारक्या भोकातून तेवढा वारा आत-बाहेर करतो. हे त्याचं नाक. हे उघडं राहिलंच पाहिजे. मी त्या वेळी निपाणीकराला, एका लग्नात ऐन पंगतीला बंद पडलेली भट्टी मी पिनेनं कशी चालू केली, ते सांगत होते. सरांचं पुढचं वाक्य तेवढं ऐकू आलं, कारण ते म्हणताना सर माझ्या अंबाड्याकडं बघत होते.

"ह्यात पिन घालायची न्हाय. पडदा फाटतोय. ज्याला सवय असंल त्यानं पिन घरी ठेवून यायचं."

वर्ग हसला. मी पिन आणखी खोल खोचली.

खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी वखार असो, गॅरेज असो नाहीतर सरकारी जीप, सगळ्यांना झेंडूच्या माळा. शेडमध्येही पूजा ठरली. झेंडू आले, लिंबं आली, दारात फोडायला कोहळा आला. सरांनी करंडा आणला होता आणि तो सरळ माझ्यापुढं धरला.

"आक्का, तुम्ही करा."

मी म्हटलं, "मी?"

"मग काय मी? घरातली मोठी बाई करती न्हवं. इथं तुम्ही मोठ्या."

त्यांना माहीत नसेल असं म्हणावं, तर फॉर्म भरताना त्यांनीच माझं सगळं लिहून घेतलं होतं. मी करंडा घेतला. एवढ्या वर्षांनी त्याचा थंडपणा हाताला लागला आणि अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. नुसती कोरडी हळद झडून जाते, म्हणून मी दिव्याच्या तेलात कालवली. घट्ट, खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीसारखी. पाने, पकडी, पाइप कापायचं हत्यार, सगळ्यांना पाचही बोटांनी. मग बोर्डांकडं वळले. प्रत्येक बोर्डावर गोल तोंडाचा रेग्युलेटर, आणि त्या तोंडावर एक बारकी खळी. मला वाटलं, बनवणाऱ्याला अक्कल होती, कुंकवाला जागा ठेवलीय. अंगठ्यानं हळद दाबून भरली, वर कुंकू टेकवलं, परत दाबलं.

सर तोवर दारात कोहळा फोडायच्या गडबडीत. एकच रेग्युलेटर राहिला, सर दाखवायला वापरायचे त्या बोर्डावरचा. तो भिंतीला उंच होता आणि माझी उंची देवानं हात आखडून दिलेली.

"आक्का, वरचा ऱ्हायला," निपाणीकर म्हणाला.

"हात पोचत न्हाय रं. त्याला फूल टाक."

त्यानं झेंडूचं एक फूल वर ठेवलं. मग मी मागं सरून, कमरेवर हात ठेवून, ते सुरुवातीचं वाक्य म्हणाले.

दसरा झाला आणि लगेच परीक्षा. परीक्षा घ्यायला हुबळीहून मॅडम आल्या. कापलेले केस, चष्म्यावरून बघणं, आणि बोलणं कन्नडमध्ये, तेही मोजकंच. पहिला गेला वेल्डर. नळीतलं पाणी जागेवर, साबणाला बुडबुडा नाही, सगळं ठीक. एक बर्नर पेटवला, निळीशार ज्योत. दुसरा पेटवला, तर पहिल्यानं मान टाकली. दुसरा बंद केला, तर पहिला फुर्रकन वर उसळला. मॅडमनी काही लिहिलं. दुसरा गडी गेला, त्याचंही तसंच. तिसरा निपाणीकर. त्याच्या ज्योती तर नाचायलाच लागल्या.

"आज समद्या शेगड्या रुसल्या की," तो माझ्याकडं बघून पुटपुटला. कपाळाला घाम.

मॅडम सरांना म्हणाल्या, तुमच्या लाइनीत गडबड आहे. सरांनी घाईनं आपला उंचावरचा बोर्ड चालू करून दाखवला. एक बर्नर, दोन बर्नर, बंद, चालू. ज्योत शहाण्या पोरासारखी जागेवर.

"म्हणजे लाइन ठीक आहे," मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "मुलांचं काम ठीक नाही. ही बॅच आता दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर! पाडव्याची किल्ली मला डोळ्यांपुढं दिसली. मोबाइलवाल्याच्या बोटात फिरणारी. माझे खिळ्यांवरचे बर्नर भंगारात, आणि त्या जागी काचेच्या कपाटात रंगीत कव्हरं.

मी वर बघितलं. सगळ्या शेडमध्ये नीट जळणारा तेवढा एकच बोर्ड. त्याच्या रेग्युलेटरवर वाळलेलं झेंडूचं फूल, आणि तोंड स्वच्छ. मग खाली बघितलं. एका रांगेत सगळे लाल-पिवळे मळवट भरलेले. आणि कानावरून गेलेला तो शब्द न शब्द कुठूनतरी परत आला. पडदा. वारा. नाक.

अगं बाई!

"मॅडम," मी उभी राहिले, "माझा बोर्ड अजून बघितला न्हाय तुम्ही."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. हातानंच खूण केली, चला.

बोर्डापुढं गेले आणि माझा उजवा हात आपोआप अंबाड्यात गेला. पिन बाहेर आलीसुद्धा. इतक्या वर्षांचा हात तो, त्याला भोक दिसलं की पिन दिसते. पिनेचं टोक त्या कुंकवापाशी नेलं आणि थांबले. आयुष्यात मी शिकले म्हणजे नेमकं काय, असं नात मला विचारते, तेव्हा मी तिला एवढंच सांगते, की एकदा माझा हात थांबला.

पिन परत अंबाड्यात खोचली. आधी कॉक बंद केला. ते भोक ज्या बारक्या टोपीला असतं, ती फिरवून काढली. ती तर हळदीनं गच्च भरलेली. कोरड्या फडक्यानं पुसली, मऊ ब्रशानं कड साफ केली. पडद्याच्या बाजूला काही गेलं नव्हतं, टोपीनं माझी लाज आणि पडदा दोन्ही राखलं होतं. टोपी बसवली, नळी जोडली, पाणी जागेवर थांबेपर्यंत हाताची घडी घालून उभी राहिले. साबण लावला. नाक अजिबात पुढं केलं नाही. मग एक बर्नर, दुसरा बर्नर. बंद. चालू.

निळीशार. हलायचं नाव नाही.

मॅडम जवळ आल्या. फडक्यावरचा लाल-पिवळा डाग त्यांनी बोटानं चोळून बघितला, वासही घेतला.

"यार माडिद्रु?" त्यांनी विचारलं. कुणी केलं हे?

निपाणीकर वर छताकडं बघत म्हणाला, "देवीची इच्छा."

आता ही बाई लाजेल, रडेल, असं कुणाला वाटलं असेल तर त्यानं मला ओळखलंच नाही. मी पदर खोचला आणि मॅडमना त्यांच्याच भाषेत ठणकावून सांगितलं, "नाने माडिदे री." मीच केलं. "आणि सगळ्यांची नाकं मीच साफ करून घेते. एवढं करून जर एक जरी ज्योत हलली तर मला नापास करा, ह्यांना नको."

मॅडमनी सरांकडं बघितलं. सर आपल्या बुटांकडं बघत होते. खांदे हलत होते, हसू दाबल्यामुळं.

"अहवालात मी काय लिहू?" मॅडमनी विचारलं.

"धूळ लिहा, मॅडम," सर म्हणाले.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग जो तो आपापल्या बोर्डापुढं उभा राहिला, आणि मी एकेकाच्या मागं फिरून ओरडत होते, कॉक आधी बंद कर रं, पिन नको, तार नको, ब्रश मऊ घे. त्या दिवशी सगळ्यांत जास्त मजा मला आली. निपाणीकराची ज्योत थांबली तेव्हा त्यानं त्या रेग्युलेटरला आधी हात जोडले आणि मग मला.

कार्ड दिवाळीच्या आधी हातात आलं. त्यावरचा माझा फोटो पकडून आणल्यासारखा आहे, पण नाक छान आलंय.

घरी आले तेव्हा आत्ती पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. मोबाइलवाला त्यांच्यापुढं चहा पीत होता. मी कार्ड लसणाच्या सुपात ठेवलं. आत्तींना वाचता येत नाही, मोबाइलवाल्याला येत होतं. त्यानं वाचलं, उरलेला चहा एका घोटात संपवला आणि चपला घालून गेला.

मग मी आत्तींना सगळं सांगितलं. करंड्यासकट. लपवायचं म्हटलं असतं तर गोष्टच उरली नसती. त्या लसूण सोलायच्या थांबल्या.

"हळद-कुंकू कुणी लावलं म्हणालीस?"

"मी."

"तुझ्या हातानं?"

"अंगठ्यानं दाबून."

"आणि तरीबी पास झालीस?"

"सगळी बॅच झाली, आत्ती."

त्यांनी कार्ड उचललं, उलटंसुलटं करून बघितलं, लसणाची सालं झटकली आणि माझ्या हातात दिलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार. मी आत चहा टाकायला वळले, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"मग औंदा पाडव्याला दुकानाची पूजा तूच कर. शटरला नाक न्हाय, कितीबी लाव."